नऊवारीचा घेर

गणपती गेले, पितृपंधरवडा लागला, की आपल्या बडोद्यात गरब्याची चाहूल लागते. पास कुठले काढायचे, मैदान कुठलं, आणि नऊ रात्री घालायचं काय. या महिन्यात सदराकडे आलेले बहुतेक प्रश्न या शेवटच्या मुद्द्यावरचेच आहेत. त्यातला एक जसाच्या तसा देते, कारण त्यात बाकीचे सगळे आले: "ताई, नवाबाजारात बरी चणिया-चोळी साडेतीन हजारांच्या खाली कुणी दाखवत नाही. भाड्याने घेतली तर एका रात्रीचे सहाशे. शुक्रवारी बाजारातून जुनी आणली तर आई घरात घेणार नाही. काय करू?"

पैशाचा भाग सोपा आहे. आईचा अवघड. म्हणून आधी आई.

आपल्या घरांत जुन्या कपड्यांबद्दल एक गंमत आहे. मावसबहिणीचा फ्रॉक घालून आपण मोठ्या झालो, त्यात कुणाला काही वाटलं नाही. आजीच्या सुती साडीच्या गोधडीवर प्रत्येक बाळ झोपलं. बाळंतविड्यात तर मुद्दाम मऊ झालेली जुनी धोतरं फाडून लंगोट व्हायचे, नवं कापड बाळाला टोचतं म्हणून. पण हेच कापड घराबाहेरच्या कुणाच्या अंगावरून आलं की ते "उतरलेलं". "कुणाचं, कोण जाणे" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यामागे दोन भित्या असतात. एक स्वच्छतेची, ती खरी आहे आणि तिला उपाय आहे. दुसरी म्हणजे कपडा गेलेल्या माणसाचा असेल ही. तिला उपाय नाही. ज्यांना ती मनापासून वाटते त्यांच्याशी वाद घालू नये असं माझं मत आहे. त्यांच्यासाठी घरातली पेटी आहे, तिच्याकडे पुढे येतेच.

आईला एवढं मात्र जरूर विचारा, की आपण वर्षानुवर्षं बोहारणीला दिलेले कपडे कुठे गेले? स्टीलचा डबा किंवा कढई घेऊन तीन साड्या आणि बाबांच्या दोन पँटी दिल्या, तेव्हा त्या कुणीतरी घालणारच होतं. गुजरातेत हे काम मुख्यतः देवीपूजक समाजातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्यावर गाठोडं. दिवसभर फिरून मिळालेले कपडे घरी जाऊन निवडायचे, धुवायचे, तुटलेली बटणं लावायची, उसवलेलं शिवायचं, इस्त्री फिरवायची आणि बाजाराच्या दिवशी मांडायचे. म्हणजे बाजारात आपल्यासमोर येतो तो कपडा एकदा तरी कुणीतरी हातात घेऊन, उजेडात धरून दुरुस्त केलेला असतो. एवढी निगा नव्या टी-शर्टाची कुणी घेत नाही. म्हणून शंभर रुपयांच्या साडीवर वीस रुपये कमी करा म्हणून अडून बसणं मला पटत नाही. भाव जास्त वाटला तर पुढे जावं.

बाजारात जाकिटं, जीन्स, परदेशी लेबलांचे शर्ट असा दुसराही माल दिसतो. त्याचा रस्ता वेगळा आहे. आपल्याच कच्छमध्ये कांडल्याला १९६५ साली सुरू झालेलं निर्यात क्षेत्र आहे, आशियातलं पहिलं. तिथल्या काही कारखान्यांत परदेशातून येणाऱ्या वापरलेल्या कपड्यांच्या गाठी फोडून, निवडून पुन्हा बाहेर पाठवतात. घालण्याजोगं नसलेलं लोकरी कापड पानिपतला जातं आणि तिथे त्याचे धागे उकलून स्वस्त ब्लँकेटं होतात. हा माल घेताना लेबल पाहू नका, अंगाला लावून पाहा. तिकडचा मध्यम आपला मोठा असतो. आणि इन्स्टाग्रामवर "व्हिंटेज" म्हणून आठशे रुपयांना दिसणारा चौकड्यांचा शर्ट रस्त्यावरच्या गठ्ठ्यात दीडशेला पडलेला असतो. फोटो काढणाऱ्याची मेहनत मान्य, पण ती साडेसहाशेची नाही.

आता स्वच्छता. आणलेला कपडा थेट कपाटात ठेवायचा नाही. सुती असेल तर गरम पाणी आणि साबण, मग कडक ऊन. कुबट वास येत असेल तर शेवटच्या पाण्यात पाव वाटी पांढरं व्हिनेगर घाला; वाळल्यावर व्हिनेगरचा वास राहत नाही. रेशीम असेल तर रिठ्याचं कोमट पाणी, न पिळता टॉवेलात गुंडाळून पाणी काढायचं आणि सावलीत वाळवायचं. शिवणीच्या आत आणि नेफ्यात ढेकूण नाहीत ना हे पाहा, सुती कपड्याच्या शिवणींवरून गरम इस्त्री सावकाश फिरवा. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो. गंजाच्या डागावर पांढऱ्या सुती कापडात लिंबू-मीठ लावून ऊन दाखवलं तर फरक पडतो. काखेतला जुना पिवळा डाग मात्र जात नाही. तो कापून टाकता येईल असं रूप त्या कपड्याला द्यायचं असेल तरच घ्या.

बाजारात उभं राहून काय पाहायचं? फॅशन नाही, कापड. फॅशन आपण घरी करणार आहोत, कापड नाही करू शकत. साडी उलगडून सूर्याच्या दिशेने धरा. जिथे वीण विरळ झाली आहे तिथून उजेड जास्त येतो. घडीच्या रेषा खास पाहा, कारण जुनं रेशीम आधी घडीवर चिरतं. घडीच्या दोन बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताणा. कर्र असा आवाज आला तर कितीही सुंदर असो, खाली ठेवा. तिला दोन तास गरबा झेपणार नाही. सुती आहे की पॉलिस्टर हे ओल्या बोटाने कळतं, सुती पाणी लगेच पितं, पॉलिस्टरवर थेंब घटकाभर बसून राहतो. घरी आल्यावर खात्री करायची तर काठाजवळचा एक धागा ओढून चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. सुताची कागदासारखी राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. हे सगळं कशासाठी, तर रंगवायचं असेल तेव्हा. दुकानात मिळणारा साधा रंग सुताला लागतो, पॉलिस्टरला लागत नाही. आणि हो, तयार सुती कुर्ता घरी रंगवला तर त्याची शिलाई बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते, ती जुन्याच रंगाची राहते. काळ्या कुर्त्यावर पांढरी टीप! काहींना ती आवडते. मला आवडते.

आता चणिया. गरब्याचा चणिया घेरदार हवा, हलका हवा, घाम पिणारा हवा. आरसे आणि टिकल्या लावून जड केलेला तयार चणिया पहिल्या तासात छान दिसतो, तिसऱ्या तासात तो तुम्हाला नाचवतो. मऊ झालेलं सुती कापड याला सगळ्यात चांगलं, आणि ते भरपूर लांबीचं, काठासकट, तयार कुठे मिळतं? नऊवारीत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. मराठी घरातल्या पेटीत एक तरी नऊवारी असतेच, आणि ती बहुतेक वेळा कुणी नेसत नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीसाठी आम्ही हा उद्योग केला. ती विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, आणि त्या वर्षी घरात पैशाची ओढ होती. तिने स्वतःहूनच "या वेळी मी एकच रात्र जाते" म्हटलं, ते मला टोचलं. आजीची पेटी काढली. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची, बेळगावकडून लग्न होऊन बडोद्याला आलेली. आता घरात गाऊनच घालते. पेटीत सहा नऊवाऱ्या निघाल्या.

आणि घरात भांडण लागलं. आईचं म्हणणं, आजी हयात असताना तिच्या साडीला कात्री लावायची म्हणजे काय? अपशकुन आहे. बहीण म्हणे, आठवण म्हणून राहू दे. भाची बिचारी म्हणत होती की मला नकोच. आजी सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "मी गेल्यावर बोहारणीलाच देणार ना तुम्ही? त्यापेक्षा मी बघते तरी." त्यावर कुणाला काही बोलता येईना.

पण तिने सरसकट परवानगी दिली नाही हेही सांगायला हवं. सहाही साड्या पलंगावर पसरायला लावल्या आणि स्वतः हात फिरवून निवड केली. पैठणी बाजूला. तिला हात लावायचा नाही. बरोबरच आहे. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलटा करून पाहा, नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. असं कापड पुन्हा मिळत नाही. हाच नियम पाटणच्या पटोळ्याला, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा तो दुहेरी इकतचा पटोळा पेटीत असेल तर कात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. खऱ्या जरीचा शालूही तसाच राहू द्या. तो घडीवर चिरला असेल तर काठ जपून काढून नव्या कापडाला लावता येतो. "जुनी जर घ्यायची" म्हणून दारावर येणाऱ्याला मात्र तो घाईने देऊ नका. त्याला साडी नको असते, जरीतली चांदी हवी असते, आणि ती किती आहे हे त्याला कळतं, आपल्याला नाही. आधी ओळखीच्या सराफाला दाखवा.

दोन सुती साड्या इतक्या विरल्या होत्या की त्यांच्या गोधड्याच होणार. एक महेश्वरी होती. तिचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, त्यामुळे एक बाजू फिकी झाली की चणिया उलटा करून शिवता येईल. ती पुढच्या वर्षासाठी ठेवली. एक साधी काळी चंद्रकळा आजीने घडी करून परत पेटीत ठेवली. तिला ना जर, ना किंमत. का ठेवली ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. राहिली हिरवी सुती इरकल, लाल काठाची, लाल-पांढऱ्या पदराची. "ही घ्या. हिला फिरायला आवडेल."

हिशेब असा बसतो. सव्वाआठ मीटरमधले पाच मीटर चणियाला, दोन मीटर चाळीस सेंटीमीटर ओढणीला, आणि उरतात साधारण ऐंशी सेंटीमीटर, म्हणजे बरोबर एका चोळीचं कापड. जणू नऊवारी विणणाऱ्याने पूर्ण संच मोजूनच दिला आहे. ओढणी पदराच्या बाजूने घ्यायची. इरकलीत पदराचे उभे धागे वेगळे असतात आणि ते अंगाच्या धाग्यांना फाशांनी जोडलेले असतात, त्याला टोपे-तेनी म्हणतात. तो जोड ओढणीच्या आतच राहील असं मोजा, त्याच्यावर कात्री चालवू नका, नाहीतर फासे सुटत जातात.

चणियासाठी साडी आडवी वापरायची. म्हणजे साडीचा पन्हा ही चणियाची उंची, आणि साडीची लांबी हा घेर. काठ आपोआप खाली येतो. कळ्या कापायच्या नाहीत, कळीला खाली गोलाई लागते आणि सरळ विणलेला काठ गोल वळत नाही. त्याऐवजी वर कमरेपासून नितंबापर्यंत सहा इंचांची सपाट पट्टी आणि तिच्या खाली चुण्या. असं केलं की एवढ्या कापडाचा गोळा पोटावर येत नाही.

भाचीची उंची कमरेपासून घोट्यापर्यंत अडतीस इंच. अनवाणी खेळणार, म्हणून माप अनवाणी घेतलं. त्यात पट्टीचे सहा वजा, राहिले बत्तीस, वर शिवणीला एक, म्हणून काठाकडून तेहेतीस इंच मोजून पूर्ण पाच मीटर सरळ कापलं. पन्हा पंचेचाळीस होता, त्यामुळे वर बारा इंच रुंद आणि पाच मीटर लांब पट्टा उरला, त्याला दुसरा काठ होताच. कमरेची पट्टी त्यातूनच निघाली: नितंबाचं माप छत्तीस, वर सैल आणि शिवणीला चार, म्हणून चाळीस इंच लांब, आणि उंचीला सहा, नेफ्याला दीड, शिवणीला अर्धा, म्हणून आठ इंच रुंद. नाडी सुती आणि जाड घाला. नुसत्या इलॅस्टिकवर गरब्यात विसंबू नये.

एक अडचण सांगून ठेवते. नेसलेल्या नऊवारीत काष्ट्याचा भाग सगळ्यात जास्त झिजतो, त्यामुळे सलग पाच मीटर धड निघतीलच असं नाही. मग तेवढा तुकडा काढून टाका आणि दोन भाग जोडा. जोड चुण्यांत लपतो, कुणाला दिसत नाही. घेर साडेचार मीटर झाला तरी काही बिघडत नाही.

चुण्या घालायची रीत. पाच मीटर म्हणजे सुमारे एकशे सत्त्याण्णव इंच, ते चाळीस इंचांत बसवायचे, म्हणजे एका इंचात पाच इंच. एकच लांब धागा घालून ओढायला गेलात तर तो मध्येच तुटतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून कापडाचे चार भाग करून खुणा करा, पट्टीचेही चार भाग करा. प्रत्येक भागावर मशीनची टीप सगळ्यात लांब ठेवून पाव इंचाच्या अंतराने दोन समांतर टिपा मारा, टोकं मोकळी सोडा, खालचे दोन धागे एकत्र ओढा. भाग भागाला जुळवून टाचण्या लावा, चुण्या बोटांनी सारख्या करा आणि मग नेहमीची टीप. सुई अकरा नंबरची. जुन्या कापडाला जाड सुई भोकं पाडते. बाजूची शिवण मारताना वरचे सात इंच मोकळे ठेवा, तिथे हूक.

खालची किनार झिजलेली असते. तिच्या आतून साडीचा फॉल लावायचा. एक फॉल अडीच मीटरच्या आसपास असतो, म्हणजे दोन लागतील. फॉलने किनार वाचते, पण त्याहून मोठा फायदा असा की काठाला जरासं वजन येतं आणि गिरकी घेतली की घेर छत्रीसारखा उघडतो. अस्तरासाठी जुनी डबल बेडची सुती चादर. नव्वद इंच रुंदीच्या चादरीचे लांबीत दोन भाग केले की अडीच अडीच मीटरच्या दोन पट्ट्या होतात. सुती साडीला एक पुरते, चंदेरीसारख्या पारदर्शक कापडाला दोन्ही जोडा.

चोळी मात्र घरी शिवायला घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी नाही. चणिया चार बोटं इकडेतिकडे झाला तर नाडी सांभाळून घेते. चोळीला अर्ध्या इंचाचीही माफी नाही. बडोद्यात महाराणी चिमणाबाईंनी बायकांसाठी स्त्री उद्योगालय काढलं, शिवणाचं रीतसर शिक्षण बायकांना मिळावं म्हणून. ते शिक्षण घेतलेल्या हाताला त्याचे पैसे द्यावेत.

खर्चाचा कागद अजून माझ्याकडे आहे. साडी आजीची. दोन फॉल ऐंशी रुपये. शुक्रवारी बाजारातली चादर शंभर. नाडी, हूक, दोरे साठ. चोळीची शिलाई साडेतीनशे. आणि जुन्या कच्छी भरतकामाचा एक आभल्यांचा पट्टा, कुठल्याशा तोरणातून सुटलेला, दीडशे. तो चोळीच्या पाठीवर बसवला. एकूण सातशे चाळीस. पण कागदावर नसलेली गोष्ट म्हणजे दोन रविवार, मिळून अकरा तास, आणि घरात मशीन असणं. मशीन नसेल आणि चणियाही शिंप्याकडे टाकायचा असेल तर आधी त्याला भाव विचारा. चुण्यांचं काम वेळखाऊ असतं, आणि फॉल, अस्तर, पट्टा असं करत करत बेरीज दोन हजारांवर गेली तर भाड्याने दोन रात्री आणि घरातल्या साडीच्या ओढण्या हा मार्ग शहाणपणाचा. "जुन्यातून नवं" करताना जुन्यावर नव्याएवढे पैसे घालणारी मंडळी मी पाहिली आहेत. हौस म्हणून ठीक, बचत म्हणून नाही.

पेटीत नऊवारी नसेल तर? शुक्रवारी बाजारात सहावारी सुती साड्या पुष्कळ असतात. साडेपाच मीटरमधून चणिया आणि चोळी होते, ओढणी वेगळी घ्यावी लागते. आईला बाहेरची साडी चालत नसेल तर मावशीला, काकूला, शेजारच्या आजींना विचारा. मंडळाच्या कोजागरीला निम्म्या बायकांच्या पेट्यांत काय आहे ते अर्ध्या तासात कळतं. फक्त मागताना "कापणार आहे" हे आधी सांगा. नेसायला म्हणून आणलेली साडी कापून परत दाखवायला नेल्यावर काय होतं, ते आमच्या एका नातेवाईकांकडे सहा वर्षं बोलणं बंद होऊन झालेलं आहे.

मुलांसाठी थोडक्यात. तुमचं काम याहून सोपं आहे. आजोबांच्या एका पांढऱ्या सुती धोतरात केडियू होतं. चार मीटरमधले तीन मीटर छातीखालच्या झालरीला, उरलेल्यात वरचा भाग आणि बाह्या. झालर चौदा इंचांची. लाल सुती नाडी आणि बाजारातली जुनी आभल्यांची पट्टी गळ्याला. आणि बाबांचे कॉलर झिजलेले चांगले सुती शर्ट फेकू नका. पूर्वी शिंपी कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा बसवून द्यायचे. आतली बाजू कोरी असते. जुन्या शहरात हे काम करणारे अजून आहेत, आणि रफू करणारेही. बाबांचा शर्ट मुलीला सैल सदरा म्हणून जीन्सवर फार छान दिसतो, बाह्या तीन घड्या वर.

भाचीच्या संचात शेवटी त्या बारा इंची पट्ट्यातले चार मीटर शिल्लक राहिले. त्यातून चोळीच्या पाठीच्या दोऱ्या, त्यांना लाल सुताचे लटकन, आणि कमरेला खोचायची मोबाइलची छोटी पिशवी झाली. पाऊण मीटर आजीने मागून घेतला आणि देव्हाऱ्याखाली अंथरला.

अजून नवरात्राला वेळ आहे आणि पक्षात नवा कपडा घेत नाहीत, तेव्हा जुन्याला हात घालायला हेच दिवस बरे. फक्त चोळीची घाई करा. घटस्थापनेला आठवडा राहिला की शिंपी नवं काम घेत नाहीत. या रविवारीच कापड टाका, आणि जाताना अंगाला नीट बसणारी तुमची एक जुनी चोळी मापाला सोबत न्या.